सुरतेची वखार ते नंदुरबारचा झेंडा

इंग्रजांनी १६१३ मध्ये सुरतेत वखार थाटली. व्यापारातून सत्ता आली आणि सत्तेविरुद्ध लढाही उभा राहिला. डिसेंबर १९०७ मध्ये काँग्रेसचे अधिवेशन याच शहरात भरले. अध्यक्षांच्या निवडीवरून वाद पेटला. टिळक बोलण्यासाठी व्यासपीठावर उभे असताना सभेतून लालसर चामड्याचा टोकदार मराठी जोडा भिरकावला गेला; तो सुरेंद्रनाथ बॅनर्जी व फिरोजशहा मेहता यांना लागला. काँग्रेसमधील जहाल आणि मवाळ गट वेगळे झाले. १९१६ मध्ये लखनौला पुन्हा एकत्र आले.

आज सुरतेच्या लिंबायत भागात खानदेशातून आलेली असंख्य मराठी कुटुंबे राहतात. त्या खानदेशानेही स्वातंत्र्याची किंमत मोजली. 'चले जाव' आंदोलनात ९ सप्टेंबर १९४२ रोजी नंदुरबारमध्ये विद्यार्थ्यांची मिरवणूक निघाली. पोलिसांच्या गोळीबारात हाती तिरंगा धरलेला पंधरा वर्षांचा शिरीषकुमार मेहता कोसळला. लालदास शहा, धनसुखलाल वाणी, शशिधर केतकर आणि घनश्यामदास शहा हेही हुतात्मा झाले. गुजराती आणि मराठी घरांतील मुलांचे रक्त एकाच रस्त्यावर सांडले. पाच वर्षांनी, १५ ऑगस्ट १९४७ रोजी, देश स्वतंत्र झाला.