बदललेलें पाणी आणि धाकटी होडी



बुलढाणा जिल्ह्याचें नांव काढलें कीं काळी जमीन, कपाशीचीं शेतें, शेगांवची यात्रा, सिंदखेडराजा येथील जिजाऊंचें जन्मस्थान आणि लोणारचें विवर हीं चित्रें डोळ्यांपुढें उभीं राहतात. होडी कांहीं कोणाच्या डोळ्यांपुढें येत नाहीं, आणि तें साहजिकच आहे. समुद्र येथून फार दूर. नद्या आहेत, पण पावसाळ्यांत गर्जणाऱ्या आणि उन्हाळ्यांत वाळूखालीं दडणाऱ्या. अशा मुलखांत होडीचा इतिहास सांगावयास बसणें म्हणजे मारवाडांत जहाजाची गोदी शोधण्यासारखें आहे, असें कोणी म्हणेल. तथापि, स्वातंत्र्यानंतरच्या काळांत या जिल्ह्याचें पाणीच बदललें. आणि पाणी बदललें म्हणजे त्यावर चालणारें साधनहि बदलणें ओघानेंच येतें. या नव्या पाण्याला शोभेल अशा साधनाची, म्हणजे ॲल्युमिनियमच्या पत्र्याच्या, फळ्यांचा तक्ता बसविलेल्या आणि विजेच्या यंत्रानें चालणाऱ्या धाकट्या मासेमारी होडीची कुळकथा आज आपणांस सांगावयाची आहे.

प्रथम जिल्ह्याची ठेवण ध्यानांत घेतली पाहिजे. अजिंठ्याची डोंगररांग त्याला छेदून जाते, आणि तेथील लोक आजहि आपला मुलूख ‘घाटावरचा’ व ‘घाटाखालचा’ असा ओळखतात. घाटाखालचें पाणी पूर्णेला मिळतें, पूर्णा तापीला आणि तापी पश्चिम समुद्राला. घाटावर बुलढाण्यानजीक पैनगंगा उगम पावते. तिचें पाणी वर्धा आणि प्राणहिता यांच्या द्वारें गोदावरींत जाऊन पूर्व समुद्रास मिळतें. एकाच जिल्ह्यांत पडलेल्या दोन थेंबांची ताटातूट व्हावी ती देशाच्या दोन किनाऱ्यांपर्यंत! परंतु याचाच दुसरा अर्थ असा कीं, घाटावरची नदी येथें अजून पाळण्यांत असते. उगमाजवळच्या नदीला बारमाही होडी पोसण्याइतकें पाणी कोठून असणार?

अशा नद्यांच्या कांठीं महाराष्ट्रांत जीं साधनें वापरांत होतीं तीं अगदीं साधीं होतीं. वाळलेले भोपळे एकत्र बांधून केलेली सांगड हें त्यांतील सर्वांत जुनें. ती सांगड आज दिसत नाहीं, पण दोन गोष्टींची ‘सांगड घालणें’ हा वाक्प्रचार आपल्या भाषेंत ठेवून गेली आहे. पूर्व विदर्भांतील मोठ्या पाण्यावर धीवरांनीं एकाच खोडाचा कोरीव डोंगा वापरला. कृष्णा-पंचगंगेच्या कांठीं गूळ करण्याची लोखंडी काहीलच महापुराच्या वेळीं होडी होऊन बसली. ही काहील विशेष मननीय आहे. लोखंड पाण्यांत बुडतें हें शेंबडें पोरहि जाणतें. तरी काहील तरंगते, कारण तरणें हा धातूचा गुण नसून आकाराचा गुण आहे. आपल्या वजनाइतकें पाणी बाजूस सारील एवढें पोट त्या भांड्याला असलें म्हणजे झालें. पुढील सारी कथा या एका तत्त्वावर उभी आहे.

स्वातंत्र्यानंतर धरणें झालीं. मोताळ्याजवळ नळगंगेचें, मेहकर तालुक्यांत पैनगंगेवर पेनटाकळीचें, आणि देऊळगांवराजाच्या बाजूस खडकपूर्णेचें. संत चोखामेळा यांचें जन्मस्थान मानलें जाणारें मेहुणा हें गांव त्याच तालुक्यांत असल्यानें या शेवटच्या जलाशयास संत चोखासागर असें नांव मिळालें. वाहतें आणि उथळ पाणी जाऊन त्याच्या जागीं विस्तीर्ण, खोल आणि स्थिर पाणी आलें. त्यांत मासा आणणें मात्र निसर्गाच्या हातीं नव्हतें. कटला, रोहू आणि मृगळ हे मासे कोंडलेल्या पाण्यांत सहसा अंडीं घालीत नाहींत. १० जुलै १९५७ रोजीं ओरिसांत डॉ. हिरालाल चौधरी यांनीं माशांच्याच मस्तकांतील एका ग्रंथीचा अर्क टोंचून भारतीय कार्प जातीच्या माशांची वीण यशस्वी केली. तेव्हांपासून मत्स्यबीज हवें तेवढें निर्माण करण्याचा मार्ग मोकळा झाला, आणि धरणें मासेमारीचीं क्षेत्रें बनलीं.

पाणी नवें आलें, मासाहि नवा आला; पण माणूस आणि त्याचें साधन मागेंच राहिलें. महाराष्ट्रांतील अनेक जलाशयांवर आजहि फुगविलेल्या रबरी ट्यूबवर किंवा थर्माकोलच्या तुकड्यावर बसून, हातांनीं पाणी मारीत जाळें टाकणारे लोक दिसतात. जुन्या सांगडीचाच हा अवतार होय. नदीच्या डोहांत वाऱ्याला धांवावयास जागा नसते. धरणाच्या उघड्या पाण्यावर तो मैल-मैल धांवतो आणि पाहतां पाहतां लाटा उठवितो. पायाखालीं पुरुष दोन पुरुष पाणी, त्यांत बुडालेलीं झाडें, आणि आधाराला थर्माकोलचा तुकडा! ताटांत रोहूचा तुकडा वाढला जातो तेव्हां त्याचें मोल कशानें चुकविलें गेलें, याचा विचार शहरवासीयांनीं एकदां तरी करावा.

आतां त्या दोन नव्या वस्तूंकडे वळूं. ॲल्युमिनियम हा धातु मातींत विपुल आहे, पण त्याची प्राणवायूशीं एवढी मैत्री कीं तो सुटा करणें महाकठीण. म्हणून एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत तो सोन्यारुप्याच्या पंक्तीस बसत होता. १८८६ सालीं अमेरिकेंत हॉल आणि फ्रान्समध्यें एरू या दोन तरुणांनीं, एकमेकांस ठाऊक नसतां, विजेच्या प्रवाहानें तो वेगळा करण्याची एकच रीत शोधून काढली, आणि राजाच्या ताटांतला धातु गरिबाच्या पातेल्यांत आला. पोलादाच्या सुमारें एकतृतीयांश वजन, आणि हवा लागतांच अंगावर आपोआप धरणारें पातळ चिवट कवच, हे त्याचे दोन मोठे गुण. पहिल्या प्रयत्नांत फ्रान्समध्यें बांधलेल्या नौका खाऱ्या पाण्यानें खंगल्या; पुढें मॅग्नेशियम मिसळलेला पत्रा आला तेव्हां तो दोष निघाला. दुसऱ्या महायुद्धांत विमानें बांधणाऱ्या ग्रुमन या अमेरिकन कारखान्यांतील विल्यम हॉफमन या अधिकाऱ्यास १९४४ मध्यें लांकडी होडी खांद्यावरून वाहतांना विमानाच्या पत्र्याची होडी करण्याची कल्पना सुचली, आणि युद्ध संपतां संपतां तो कारखाना हलक्या होड्या घडवूं लागला. तलवारीचा नांगर व्हावा तसाच हा प्रकार.

विजेच्या यंत्राची होडी तर याहूनहि वडील. १८३८-३९ मध्यें याकोबी या शास्त्रज्ञानें रशियांतील नेवा नदीवर विजेनें चालणारी नौका माणसें बसवून फिरविली. १८८१ मध्यें पॅरिसच्या सेन नदीवर गुस्ताव्ह ट्रूव्हे यानें सुकाणू, पंखा आणि यंत्र एकत्र जोडून होडीच्या मागें टांगतां आणि काढतां येईल असें साधन दाखविलें. मागें टांगावयाच्या आजच्या साऱ्या यंत्रांचा तो मूळपुरुष. स्वामी विवेकानंदांच्या व्याख्यानांनीं आपणांस परिचित असलेल्या १८९३ च्या शिकागो प्रदर्शनांत ५५ विजेच्या नौका प्रवाशांची ने-आण करीत होत्या. पुढें पेट्रोलच्या यंत्रानें त्यांना मागें सारलें, कारण घमेलेंभर तेलांत जेवढी शक्ति तेवढी साठविण्यास गाडाभर बॅटरी लागे. तरी मासे धरणाऱ्यांनीं वीज सोडली नाहीं. १९३४ मध्यें अमेरिकेंतील फार्गो गांवीं श्मिट नांवाच्या गृहस्थानें फोर्ड मोटारीच्या स्टार्टरला लवचीक दांडा आणि पंखा जोडून मासे धरण्याच्या होडीचें पहिलें संथ विद्युत्-यंत्र तयार केलें. मासा न बिचकतां जवळ जातां येणें, हा त्याचा लाभ.

तेव्हां धातूचा पत्रा विजेनें स्वस्त केला आणि विजेच्या यंत्राला हलकी होडी याच पत्र्यानें दिली. एका घरचीं हीं भावंडें वेगळीं वाढलीं आणि शेवटीं एकत्र आलीं. एप्रिल २०२३ मध्यें सुरू झालेल्या कोचीच्या जलमेट्रोच्या मोठ्या नौकांना ॲल्युमिनियमचें अंग आणि बॅटरीची शक्ति आहे. त्यापूर्वीं २०१७ मध्यें केरळांतच वैकम येथें सूर्यप्रकाशावर चालणारी ‘आदित्य’ ही ७५ प्रवाशांची नौका चालूं लागली होती. मोठ्या पाण्यावर जें साधलें तें धरणाच्या पाण्यावर बारा-चौदा फुटांच्या होडींत न साधण्यास कांहीं कारण नाहीं. मात्र धाकट्या होडींत चूक पचवावयास जागा नसते.

पहिली चूक तक्त्याची होते. पत्र्याची रिकामी होडी वाटोळ्या, निसरड्या तळाची. तिच्यांत उभें राहून जाळें ओढणें कठीण. म्हणून आडव्या दांड्यांवर फळी बसवून सपाट तक्ता करतात. पण अर्धा इंच जाडीचा प्लायवूडचा एक पुरा तक्ता २० ते २५ किलो भरतो, आणि तो जितका उंच बसवावा तितकें माणसाचें वजन वर जाऊन होडी कलती होते. तक्ता तळाशीं ठेवावा, उंचीचा मोह टाळावा. तक्त्याखालच्या पोकळींत पाणी न पिणारा बंद फेस भरावा. एक लिटर फेस सुमारें एक किलो भार तारतो. पत्र्याची होडी पाण्यानें भरली तर तळ गांठते. फेस भरलेली मात्र बुडूनहि वर राहते आणि धरावयास आधार देते. यंत्रासाठीं पैसे नसतील तर प्रसंगीं यंत्र वगळावें, पण फेस वगळूं नये.

दुसरी चूक बॅटरीची. १०० अँपिअर-तासांची शिशाची बॅटरी २५ ते ३० किलो असते, आणि तिची निम्मीच शक्ति वापरणें हितावह असतें. लिथियम-लोह-फॉस्फेटची बॅटरी तिच्या निम्म्याहून कमी वजनांत जवळजवळ सारी शक्ति देते, पण तिची किंमत मोठी. ५५ पौंड जोराचें साधारण यंत्र पुऱ्या वेगांत सुमारें ५० अँपिअर खातें, म्हणजे ही दुसरी बॅटरीहि दोन तासांत रिती. परंतु येथें निसर्गाचा एक नियम गरिबाच्या बाजूनें उभा आहे: धाकट्या होडीचा वेग निम्मा केला कीं लागणारी शक्ति निम्मी न होतां सुमारें एकअष्टमांशावर येते. तेव्हां वेळ आठपट आणि अंतर चौपट. सावकाश जाणारा दूर जातो, ही आपल्या आजीची शिकवण येथें गणितानेंच सिद्ध होते. बॅटरी मध्याजवळ तळाशीं बांधावी, तिच्या लगत फ्यूज असावा, आणि दुसरें यंत्र नाळेवर लावावयाचें झाल्यास भाराचा तोल पुन्हां पाहावा.

तिसरी चूक दिसत नाहीं, म्हणून ती सर्वांत घातक. ॲल्युमिनियमला तांब्याचा सहवास मानवत नाहीं. पितळी खिळा, उघडी तार, तांब्याच्या क्षारांत मुरविलेली फळी यांचा ओल्या पत्र्याशीं संबंध आला कीं पत्रा झिजूं लागतो. त्याचप्रमाणें सोडाहि त्याचा वैरी. ॲल्युमिनियमच्या पातेल्यांत धुण्याचा सोडा उकळूं नये, हें प्रत्येक गृहिणी जाणते. त्या सोड्यानें धातूचें कवचच विरघळतें. म्हणूनच याच जिल्ह्यांतील लोणारच्या सरोवरावर ही होडी निरुपयोगी. ज्याच्या क्षारांची दखल अकबराच्या काळीं आईन-इ-अकबरींत घेतली गेली, तें अत्यंत अल्कधर्मी पाणी या पत्र्याला खाऊन टाकील. शिवाय २०२० पासून तें रामसर यादींतील संरक्षित स्थळ आहे. एकाच जिल्ह्यांत एका पाण्याला जी होडी मानवते ती दुसऱ्याला मानवत नाहीं. साधन निवडतांना आधीं पाण्याला विचारावें, हाच याचा बोध.

जुन्या भोयानें आपली सांगड पाण्याला विचारूनच बांधली होती. तें पाणी आपण सर्वांनीं मिळून, आपल्या शेतांसाठीं आणि नळांसाठीं, बदललें. मग त्या पाण्यावर पोट भरणाऱ्याला नव्या पाण्याची होडी मिळावी, ती त्याला समजावी, आणि संध्याकाळीं ती त्याच्यासह कांठाला लागावी, एवढी काळजी वाहणें हें त्याच्यावरचे उपकार नसून आपल्यावरचें ऋण आहे.