एका उपेक्षित नलिकेची नोंद

गिटारच्या ध्वनिवर्धकाचा इतिहास बहुधा कंपन्यांच्या नावांनी सांगितला जातो. बाजारात काय स्वस्त मिळत होते, याचाही तो इतिहास आहे, असे आम्हांस वाटते.

१९३६ साली अमेरिकेतील आरसीए कंपनीने ६एल६ ही निर्वात नलिका आणली आणि त्यापाठोपाठ तिच्याच घडणीची ८०७. ही दुसरी रेडिओ-प्रेषकांसाठी होती. अधिक विद्युतदाब सोसता यावा म्हणून तिच्या धनाग्राची जोडणी डोक्यावर काढलेली. दुसऱ्या महायुद्धात ती लष्करी प्रेषकांत वापरली गेली आणि युद्धानंतर शिल्लक साठा अमेरिका-ब्रिटनच्या जुन्या मालाच्या बाजारात आला. हौशी कारागिरांनी तो उचलला. ६एल६चा आराखडा तिला बहुतांशी चालत असे. मात्र बैठक पाच पायांची, म्हणून पत्र्याला वेगळे भोक पाडावे लागे. डोक्यावरच्या टोपीत ४०० व्होल्ट आणि त्याहूनही अधिक दाब खेळे. हात चुकला तर जीवावर बेते.

१९६२ साली लंडनमधील हॅनवेल येथे जिम मार्शल, केन ब्रॅन व डडली क्रेव्हन यांनी फेंडर बासमनचा आराखडा समोर ठेवून ध्वनिवर्धक बांधला. पुढे त्यात ब्रिटिश केटी६६ आली. इतर घटकांबरोबर तिनेही आवाजाची जात बदलली. संहिता जवळपास तीच, उच्चार वेगळा. केटी६६ला कीर्ती लाभली, ८०७ला नाही. कारण मार्शलच्या पेटीला नाव आणि दुकान होते, घरगुती पेटीला केवळ मालक. वाङ्मयेतिहासातही छापलेले टिकते, हस्तलिखित हरवते. म्हणून नाममुद्रेइतकाच हाताने भोक पाडलेला पत्राही पुरावा मानावा, असे आम्ही म्हणू.