तेजोवलयाविना रेखाटलेला संत

संतांचें चित्र म्हटलें कीं मस्तकाभोवतीं तेजोवलय व स्वर्गाकडे लागलेली दृष्टि आपण गृहीत धरितों. हान्स होल्बाइन या जर्मन चित्रकारानें इ. स. १५२७ मध्यें रंगविलेल्या संत थॉमस मोर यांच्या चित्रांत यांपैकीं कांहींच नाहीं. ती एका जिवंत गृहस्थाची तसबीर आहे. मोर यांस पोप अकरावे पायस यांनीं संत म्हणून घोषित केलें तें १९३५ सालीं.

एरास्मसाच्या शिफारशीनें होल्बाइन १५२६ सालीं इंग्लंडांत आला. हिरव्या पडद्यापुढें त्यानें मोर यांस बसविलें आहे. लाल मखमलीच्या बाह्या, हातांत कागद, आणि गालांवर दाढीचे खुंट! चित्रकारानें खुंटदेखील वगळले नाहींत. यावरून येथें खुशामत नाहीं असें मी समजतों. परंतु चित्राचें मर्म छातीवरील सोन्याच्या सांखळींत आहे. एस् अक्षराच्या आकाराचे दुवे आणि खालीं ट्यूडर घराण्याचा गुलाब, ही राजसेवकाची खूण होय. धर्माचें चिन्ह शोधूं जावें तों हातीं लागतें तें राजाचें.

या मुद्रेंत भावी रक्तसाक्ष्य वाचण्याचा मोह होतो, पण तें न्याय्य नव्हे. त्या वेळीं मोर आठव्या हेन्रीचे विश्वासू सल्लागार होते. १५२९ सालीं ते लॉर्ड चॅन्सलर झाले. त्यांच्या त्या कारकीर्दींत प्रॉटेस्टंट मताच्या कांहीं माणसांस जाळण्यांत आलें, हेंही आपण झांकूं नये. १५३२ सालीं त्यांनीं पद सोडलें; १५३४ सालीं पोपांचा अधिकार नाकारणारी शपथ घेण्याचें नाकारलें; आणि ६ जुलै १५३५ रोजीं त्यांचा शिरच्छेद झाला.

जांवई विल्यम रोपर लिहितात कीं मोर अंगाशीं केसांचा टोचरा सदरा गुप्तपणें घालीत. होल्बाइननें तो रंगविला नाहीं, आणि तो कोणास दिसावा अशी मोरांची इच्छाही नव्हती. म्हणून मखमल व सांखळी हें ढोंग होतें काय? मुळींच नाहीं. राजसेवा त्यांनीं मनापासून केली होती, म्हणूनच तो नकार त्यांस इतका जड गेला. ज्याला सांखळीची किंमतच नाहीं, त्यानें ती उतरविली तर काय मोठेंसें?

हें चित्र न्यूयॉर्क येथील फ्रिक संग्रहांत आहे. तेथें शेकोटीच्या एका बाजूस मोर, तर दुसऱ्या बाजूस होल्बाइननेंच रंगविलेला थॉमस क्रॉमवेल. मोरांविरुद्धचा खटला त्यानेंच चालविला होता. १५४० सालीं हेन्रीनें त्याचाही शिरच्छेद करविला.