सुवर्णाचे वय आणि खडकाचे वय : विटवाटर्सरँडचा वाद

दक्षिण आफ्रिकेतील विटवाटर्सरँड ह्या डोंगररांगेत इ. स. १८८६ मध्ये सोन्याचे थर सापडले आणि त्यापाठोपाठ जोहॅनिसबर्ग शहर उभे राहिले. मानवाने आजवर खणून काढलेल्या सोन्यापैकी सुमारे एक तृतीयांश सोने ह्या एकाच खोऱ्यातील आहे. ते गोट्यांच्या खडकात, म्हणजे पिंडाश्मात आढळते. डच लोकांच्या बदामी मिठाईशी असलेल्या साम्यावरून ह्या खडकास ‘बँकेट’ असे नाव पडले. नाव लवकर मिळाले. परंतु सोने त्यात आले कसे, हा वाद मात्र शतकाहून अधिक काळ चालला.

एका पक्षाचे म्हणणे असे, की प्राचीन नद्यांनी डोंगर झिजवून सोन्याचे कण वाहून आणले व ते गोट्यांबरोबर साचले. सोनाराच्या दुकानातील केर धुणारा झारेकरी सोन्याच्या ज्या जडपणावर विसंबतो, त्याच गुणाने नदीनेही सोने वेगळे केले, असे हे मत होय. ई. टी. मेलर यांनी १९१६ मध्ये ते मांडले. उलटपक्षी एल. सी. ग्रेटन यांनी १९३० मध्ये असे प्रतिपादिले, की खडक बनून गेल्यावर भूगर्भातील उष्ण द्रावणांनी त्यात सोने आणून सोडले. पहिले मत खरे असेल, तर सोने खडकाहून जुने ठरते. दुसरे खरे असेल, तर नवे. म्हणजे वाद मुळात कालक्रमाचा होता.

तथापि दीर्घकाळ पुरावा आकृतीचाच होता. पॉल रामडोर यांनी १९५८ मध्ये सूक्ष्मदर्शकाच्या आधारे, तेथील पायराइटचे व युरॅनिनाइटचे गोलसर कण प्रवाहात झिजलेले आहेत, असे दाखविले. परंतु सोन्याचे कण अनेकदा तंतुमय वा कोनयुक्त दिसत व भेगांतही आढळत. शेजारचे खनिज जुने आहे म्हणून सोनेही जुने, असे अनुमान काढता येत नव्हते.

ही उणीव सोन्याच्याच रसायनाने भरून काढली. ऱ्हेनियम-१८७ ह्या किरणोत्सर्गी समस्थानिकापासून ऑस्मियम-१८७ निर्माण होतो. त्याचे अर्धायुष्य सुमारे ४,१६० कोटी वर्षे आहे. ही दोन्ही मूलद्रव्ये सोन्यात अत्यल्प प्रमाणात असतात. जेसन कर्क, होआकिन रुईझ व त्यांच्या सहकाऱ्यांनी सोने व गोल पायराइट यांतील त्यांची प्रमाणे मोजून २००२ मध्ये वय प्रसिद्ध केले : सुमारे ३०३ कोटी वर्षे. पिंडाश्माचे वय २८९ ते २७६ कोटी वर्षे आहे. अर्थात आश्रयाहून आश्रित जुना ठरला. शिवाय आरंभीच्या ऑस्मियमचे प्रमाण, हे धातू पृथ्वीच्या प्रावरणातून आल्याचे सुचविते.

एवढ्याने ग्रेटन यांचा पक्ष सर्वस्वी निरस्त झाला, असे मात्र नव्हे. नदीने आणलेले सोने पुढे उष्ण द्रावणांत काही अंशी विरघळून जवळच पुन्हा स्थिरावले, असे मानल्यास कणांच्या आकृतीचाही उलगडा होतो. हा मध्यममार्ग आज अनेकांना ग्राह्य वाटतो. द्रावणवादी अभ्यासकही आहेत.

भाषेच्या अभ्यासकास ही परिस्थिती परिचयाची आहे. ज्ञानेश्वरी शके १२१२ ची. एकनाथांनी तिची प्रत शुद्ध केली ती शके १५०६ मध्ये. पोथीच्या कागदाचे वय हे ग्रंथाचे वय नव्हे. आणि लेखकांच्या हातून शब्दरूपे पालटली, म्हणून ग्रंथही अर्वाचीन ठरत नाही. रचना, संक्रमण व रूपांतर हे तीन काल वेगळे मोजावे लागतात.

ह्या भेदाचे व्यावहारिक मोलही मोठे आहे. सोने नदीचे असेल, तर शोध प्राचीन प्रवाहांच्या मार्गाने घ्यावयाचा. द्रावणांचे असेल, तर भेगांच्या मार्गाने. तेथील काही खाणी तीन किलोमीटरहून खोल गेल्या आहेत. एवढ्या खोलीवर माणूस उतरवावयाचा, तर प्रथम कशाचे वय मोजले, हे नेमके ठाऊक असले पाहिजे.