चवदार तळ्याचा दावा आणि साक्षीदाराची मान

इतिहासाच्या वर्गात मी महाड शिकवतो. २० मार्च १९२७ ही तारीख मुलांना पाठ असते. १७ मार्च १९३७ विचारली की वर्ग गप्प होतो. तळ्याचा लढा ओंजळीने सुरू झाला. कोर्टात तो साक्षीपुराव्यावर लढला गेला, हे आपण विसरलो आहोत.

१२ डिसेंबर १९२७ रोजी महाडच्या सवर्णांनी बाबासाहेब आणि सहकाऱ्यांवर दिवाणी दावा लावला. दोन दिवसांत तात्पुरता मनाई हुकूमही मिळवला. त्यांचे म्हणणे : अस्पृश्यांना तळ्यापासून दूर ठेवण्याची रूढी अनादिकाळापासूनची आहे. ८ जून १९३१ रोजी महाडच्या न्यायाधीशांनी दावा फेटाळला. जुनी वहिवाट त्यांनी मानली; पण एकाने पाणी भरले, दुसऱ्याने भरले नाही, एवढ्यावरून पहिल्याला हक्क मिळत नाही, असे ठरवले. १९३३ मध्ये ठाण्याचे अपील न्यायालय पुढे गेले : रूढी अनादि असल्याचे शाबीतच झालेले नाही. उच्च न्यायालयात न्या. ब्रूमफील्ड आणि न्या. वाडिया यांनी याच निष्कर्षाला दुजोरा दिला आणि सवर्णांचे अपील फेटाळले.

आपण जिंकलो. पण कशावर? ही रूढी अन्यायाची आहे का, या प्रश्नाला न्यायालयाने हातच घातला नाही. रूढी शाबीत झाली नाही, म्हणून तो प्रश्नच उरला नाही. ती शाबीत झाली असती तर?

पहिल्या अपिलात पुरावा पुन्हा तपासता येतो. दुसरे अपील मात्र कायद्याच्या मुद्द्यावर चालते. तथ्याचा निष्कर्ष कितीही चुकीचा असला तरी तेवढ्यासाठी ते चालत नाही, असे प्रिव्ही कौन्सिलने १८९० मध्येच बजावले होते. पहिल्या अपिलातही वरचे न्यायालय जपून हात घालते. कारण सांगतात ते असे : साक्षीदाराला खालच्या न्यायाधीशाने डोळ्यांनी पाहिलेले असते. साक्षीदाराच्या वागण्याबद्दल शेरा लिहिण्याची मुभा दिवाणी संहितेतच आहे.

इथे माझे वडील आठवतात. जमिनीच्या एका दाव्यात ते पिंजऱ्यात उभे राहिले. मान खाली, आवाज तोंडातल्या तोंडात. गावाने जन्मभर शिकवलेली ती अदब होती. समोरच्या वकिलाने तिला लबाडी म्हटले. अशी मान वाचणारे डोळे कुठल्या वस्तीत वाढलेले असतात?

खैरलांजीचे हत्याकांड २९ सप्टेंबर २००६ चे. भंडाऱ्याच्या न्यायालयाने २००८ मध्ये आरोपींना खुनाबद्दल शिक्षा दिली, पण अॅट्रॉसिटीचा कायदा लागू केला नाही. २०१० मध्ये नागपूर खंडपीठाने फाशीची जन्मठेप केली. जातीबाबतचा निष्कर्ष मात्र तसाच राहिला. महाडमध्ये खालचा निष्कर्ष आपल्या पारड्यात पडला, इथे आपल्या विरुद्ध.

म्हणून कार्यकर्त्यांना माझे सांगणे आहे. आपले मोर्चे मुंबई-नागपूरकडे वळतात, पण ‘काय घडले’ हे तालुक्याच्या आणि जिल्ह्याच्या कोर्टात लिहिले जाते. फिर्याद नोंदवताना माणसाबरोबर उभे राहा. जबानीआधी त्याला धीर द्या. खोटे पढवू नका. खरे आहे ते मान वर करून सांगायला शिकवा. जे कागदावर आले नाही, ते वरच्या कोर्टाच्या लेखी घडलेलेच नसते.