विधवा प्रथाबंदी ठराव
पतीच्या निधनानंतर स्त्रीचे मंगळसूत्र तोडणे, कुंकू पुसणे, बांगड्या फोडणे, जोडवी काढणे या प्रथा गावाने सामूहिकरीत्या बंद करण्याचा ग्रामसभेचा ठराव. दुःखाच्या त्याच घटकेला स्वतःच्या उंबरठ्यावर होणारी ही हिंसाच आहे. रीत म्हटल्याने ती सौम्य होत नाही.

या चळवळीचे मूळ सोलापूर जिल्ह्यातील करमाळ्यात आहे. तेथील महात्मा फुले समाजसेवा मंडळाचे प्रमोद झिंजाडे यांनी करोनाकाळात एका सहकाऱ्याच्या अंत्यविधीत हा प्रकार पाहिला, रोखू पाहिला, जमले नाही. मग आपल्या मृत्यूनंतर पत्नीवर अशी सक्ती होऊ नये, असे प्रतिज्ञापत्र त्यांनी केले आणि गावोगावी आवाहन सुरू केले.

मे 2022 मध्ये कोल्हापूर जिल्ह्यातील हेरवाड (ता. शिरोळ) ग्रामपंचायतीने असा ठराव केला. 17 मे 2022 रोजी राज्याच्या ग्रामविकास विभागाने परिपत्रक काढून इतर गावांनाही हा कित्ता गिरवण्यास सांगितले.

ठरावाला कायद्याचे बळ नाही. त्याचा जोर गावाच्या शब्दात आहे. घरातून हुसकावलेल्या विधवेला मात्र 2005 च्या कौटुंबिक हिंसाचार प्रतिबंधक कायद्याखाली संरक्षण अधिकाऱ्याकडे दाद मागता येते आणि सासरच्या घरात राहण्याचा हक्क सांगता येतो.