जुन्या सेट्यांची पारख

सेटी म्हणजे दोन किंवा तीन माणसांना शेजारी बसता येईल असे, पाठ आणि हात असलेले लाकडी आसन. सोफ्यात लाकूड कापडाखाली झाकलेले असते. सेटीचा सांगाडा उघडा दिसतो. तिची पाठ सरळ असते आणि गादी पातळ असते किंवा नसतेच. त्यामुळे जुन्या सेटीचे मोल प्रामुख्याने लाकूड, सांधे आणि घडण यांवर ठरते. मराठी घरांत खाली सामानाचा कप्पा असलेल्या, बसण्या-झोपण्याच्या पाठ नसलेल्या पलंगालाही सेटी म्हणतात. या लेखात पहिला अर्थ अभिप्रेत आहे.

विदर्भात, विशेषतः सागाच्या वनांनी वेढलेल्या यवतमाळ जिल्ह्यात, जुने वाडे पाडले जाताना असे लाकडी सामान विक्रीस येते. पारख नसेल तर ते केवळ लाकडाच्या भावाने जाते.

पुरातन आणि जुनी

पुरावशेष व कलानिधी अधिनियम, 1972 या केंद्रीय कायद्यानुसार किमान 100 वर्षे जुनी कलाकुसरीची वस्तू 'पुरावशेष' या व्याख्येत येऊ शकते. अशा वस्तूची निर्यात खाजगी व्यक्तीस करता येत नाही, आणि तिच्या व्यापारासाठी परवाना लागतो. बाजारात 'व्हिंटेज' म्हणून विकल्या जाणाऱ्या वस्तूंना अशी कायदेशीर व्याख्या नाही. गेल्या शतकातील, पण शंभर वर्षे न भरलेल्या सामानासाठी हा शब्द सैलपणे वापरला जातो. त्यामुळे विक्रेत्याने लावलेल्या नावापेक्षा वस्तूवरील खुणा अधिक विश्वसनीय मानाव्यात.

पार्श्वभूमी

मराठी घरातील परंपरागत बैठक जमिनीलगतची होती. गादी, लोड, तक्के, पाट आणि चौरंग हे तिचे घटक होत. पितळी किंवा लोखंडी कड्यांना टांगलेला झोपाळा, ज्याला विदर्भात बंगई म्हणतात, हे ओसरीवरील मानाचे आसन होते. पाठ असलेली सेटी युरोपात सतराव्या शतकात रूढ झाली. सुरुवातीच्या अनेक सेट्या दोन खुर्च्या जोडल्यासारख्या दिसतात आणि त्यांच्या पाठीचे दोन भाग स्पष्ट ओळखू येतात.

पश्चिम किनाऱ्यावर पोर्तुगीज अमलातील गोव्यात युरोपीय घडणीची आणि वेताने विणलेली आसने प्रचारात आली. चांदोर येथील मिनेझिस ब्रागांझा कुटुंबाच्या घरात असे सामान आजही पाहावयास मिळते. मुंबईत एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात शिसवी लाकडावर दाट कोरीवकाम केलेले सामान प्रसिद्धीस आले. पुढे 1930 नंतर 'आर्ट डेको' शैलीमुळे गोलसर हातांच्या आणि कमी नक्षीच्या सेट्या आल्या.

वऱ्हाड 1853 मध्ये निजामाकडून इंग्रजी अमलाखाली आले. अमेरिकेतील यादवी युद्धाच्या काळात (1861–65) येथील कापसाला मोठी मागणी आली. पूर्वीच्या वणी जिल्ह्याचे नाव 1905 मध्ये यवतमाळ झाले. मूर्तिजापूर-यवतमाळ ही अरुंद मार्गाची रेल्वे, म्हणजे पुढे 'शकुंतला' नावाने ओळखली गेलेली गाडी, इंग्रजी अमलातच सुरू झाली. कापूस, कचेऱ्या आणि रेल्वे यांच्याबरोबर साहेबी बैठकीची चालही आली. बंगले व विश्रामगृहे यांसाठी स्थानिक सुतारांनी विलायती नमुन्यांवरून सागाचे सामान घडवले. गादी-तक्क्यांच्या बैठकीशेजारी खुर्च्या व सेट्या मांडण्याची पद्धत संपन्न घरांतही रुजली.

लाकूड

सागाच्या गाभ्यात नैसर्गिक तेल असते. त्यामुळे तो पाणी, बुरशी आणि वाळवी (विदर्भात उधळी) यांना बऱ्यापैकी दाद देत नाही. यवतमाळ जिल्ह्यातील टिपेश्वर अभयारण्याचे वन सागप्रधान आहे. शेजारच्या चंद्रपूर जिल्ह्यातील बल्लारपूरचा साग देशभर नावाजलेला आहे. दिल्लीतील नव्या संसद भवनासाठीही तो वापरला गेला.

सागाचा गाभा सोनेरी-तपकिरी असतो आणि वयानुसार गडद होतो. सालीलगतचा फिकट थर, म्हणजे रसकाष्ठ, मात्र किडीस लवकर बळी पडतो. म्हणून पाय आणि खालच्या पट्ट्या कोणत्या भागातून काढल्या आहेत ते पाहावे. शिसव सागापेक्षा जड, गडद आणि बारीक कोरीवकामास योग्य असतो. सर्वसाधारण वाळलेल्या सागाचे वजन घनमीटरला सुमारे 650 किलो, तर शिसवाचे सुमारे 850 किलो भरते. त्यामुळे सेटी एका बाजूने उचलून पाहिली तरी अनुभवी माणसास फरक जाणवतो. गडद रंग लावून हलके लाकूड 'शिसवी' म्हणून विकले जाते. आतील किंवा खालची न रंगवलेली बाजू पाहिली की हे उघड होते.

वयाच्या खुणा

सेटी उलटी करून पाहणे ही परीक्षेची पहिली पायरी होय. दर्शनी बाजू पॉलिशने बदलता येते, पण खालची बाजू सहसा कोणी बदलत नाही.

सांधे : चांगल्या जुन्या सेटीत एका तुकड्याचे कुसू दुसऱ्याच्या खाचेत बसवून वर लाकडी खुंटी ठोकलेली असते. केवळ खिळ्यांवर किंवा पत्र्याच्या कोनांवर उभी असलेली सेटी नंतरची किंवा दुरुस्त केलेली असण्याची शक्यता अधिक.

करवतीचे वळ : हातकरवतीचे वळ सरळ आणि असमान असतात, गोल पात्याच्या यंत्राचे वळ कमानीसारखे असतात.

स्क्रू : अधिक चिन्हाच्या खाचेचे स्क्रू 1930 च्या दशकात प्रचारात आले. ते मूळचे असतील तर सेटी त्यापूर्वीची नव्हे. मात्र ते नंतरच्या दुरुस्तीतलेही असू शकतात.

झीज : हाताच्या टोकाशी, बैठकीच्या पुढच्या कडेवर आणि पायांच्या तळाशी झीज असणे स्वाभाविक आहे. सर्वत्र सारखीच झीज दिसल्यास ती मुद्दाम केलेली समजावी.

आकुंचन : लाकूड उभ्या रेषांपेक्षा आडव्या दिशेने अधिक आकसते. त्यामुळे खरादावर कातलेला जुना गोल पाय मोजल्यास किंचित लंबगोल भरतो.

घरासाठी निवड

वयाइतकेच महत्त्व वापराला आहे. दोन माणसांची सेटी साधारण 120 ते 140 सेंमी लांब असते. बैठकीची उंची 42 ते 45 सेंमी असल्यास वृद्धांना उठणे सोपे जाते. सेटी विकत घेण्यापूर्वी तिच्याबरोबरच घराचे दार, जिन्याचे वळण आणि उद्वाहनही मोजावे. वाड्याच्या ओसरीसाठी घडलेली लांब सेटी सदनिकेच्या जिन्यात अडते. सांधे सुटे होत नसतील, तर ती कापण्याखेरीज उपाय उरत नाही.

बसून पाहताना कुरकुर कोठून येते याकडे लक्ष द्यावे. सैल झालेला सांधा सुतार पुन्हा बसवू शकतो. तडकलेला पाय किंवा पोखरलेली पट्टी बदलावी लागते. पिठासारखा ताजा भुसा खाली पडत असेल तर आत भुंगेऱ्यांची कीड जिवंत आहे असे समजावे. अशी सेटी उपचार न करता घरात आणल्यास इतर सामानासही धोका संभवतो. फाटलेली वेताची वीण हा मात्र मोठा दोष नाही, कारण वीण नव्याने करता येते.

दुरुस्ती व निगा

जुने पॉलिश खरवडून काढण्याची घाई सर्वाधिक हानी करते. यंत्राने घासल्यास वर्षानुवर्षे चढलेला रंग आणि कोरीवकामाच्या कडा दोन्ही जातात. प्रथम मऊ, कोरड्या फडक्याने धूळ काढावी. आवश्यक तेवढेच चपड्याचे पॉलिश किंवा मेण लावावे. निखळलेला तुकडा फेकू नये; मूळ लाकडाशी जुळणारा तुकडा मिळणे अवघड असते.

विदर्भातील उन्हाळ्यात तापमान 45 अंश सेल्सियसच्या आसपास जाते आणि लाकूड आकसते. पावसाळ्यात ते फुगते. पाण्याच्या कूलरची दमट हवा थेट लागेल अशा जागी सेटी ठेवल्यास एका बाजूला ओल आणि दुसरीकडे कोरडी उष्णता मिळून लाकूड वाकते व सांधे सुटतात. कूलर आणि ऊन यांपासून दूर, भिंतीपासून थोडे अंतर राखून तिची जागा ठरवावी.

जतनाचा प्रश्न

चंदीगडचे उदाहरण या संदर्भात उद्बोधक आहे. तेथील सरकारी इमारतींसाठी 1950 च्या दशकापासून प्येर जानरे आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या आराखड्यांनुसार साग व वेत यांचे सामान घडवले गेले. पुढे त्यातील बरेचसे भंगार म्हणून लिलावात गेले आणि परदेशी लिलावगृहांत त्याच वस्तूंना प्रचंड किंमत आली. 2011 मध्ये केंद्रीय गृह मंत्रालयाने अशा सामानाच्या विक्रीवर निर्बंध घातले. तोवर शंभर वर्षे न भरल्याने पुरावशेष कायद्याचे संरक्षण त्याला नव्हते.

वऱ्हाडातील घरगुती सेट्यांच्या मागे असा नामवंत आराखडाकार नाही. ज्यांनी त्या घडवल्या त्या सुतारांची नावे बहुधा कोठेही नोंदलेली नाहीत. म्हणून वस्तू विकताना किंवा घेताना ती कोणत्या गावच्या, कोणत्या घरातील आहे, केव्हा घडवली आणि कोणी घडवली याची घरच्या वडीलधाऱ्यांकडून मिळेल ती माहिती लिहून ठेवणे, आणि सांधे सोडवण्यापूर्वी छायाचित्रे घेणे, हे जतनाचे सर्वांत सोपे साधन आहे. ही माहिती हरवली की उरते ते केवळ लाकूड.